फोर-बाय-फोर कुठे न्यावी: जमीन पाहून जागा निवडताना

फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी फोर-बाय-फोर गाडी घेतली की पहिला प्रश्न ‘कुठे जायचे’ हाच असतो आणि उत्तरादाखल बहुधा प्रसिद्ध ठिकाणांची नावे ऐकायला मिळतात. जागा ठरवताना मात्र नावापेक्षा तिथली जमीन कोणत्या प्रकारची आहे, कोणत्या महिन्यात ती कशी असते आणि पुढे वाट बंद निघाली तर आल्या वाटेने परतता येईल का, हे आधी पाहावे.

नवख्याने सुरुवात वाळूपासून करावी, असे माझे मत आहे; वाळूत चूक झाली तर गाडी बहुधा रुतते, खडकावर चूक झाली तर काहीतरी मोडते. ऑस्ट्रेलियातील क’गारी, म्हणजे पूर्वीचे फ्रेझर आयलंड, हे जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट असून तेथील सेव्हंटी फाइव्ह माइल बीच हा किनाराच रस्ता म्हणून वापरला जातो. तेथे गाडी नेण्यासाठी परवाना लागतो, कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि प्रवास ओहोटीच्या आधीच्या व नंतरच्या दोन तासांत उरकावा लागतो. किनाऱ्यावर रुतलेल्या गाडीसाठी भरती थांबत नाही, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे आणि मगच किल्ली फिरवावी.

वाळूत उतरण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करावी. डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) असलेला दाब १८ च्या आसपास आणला की टायरची बाजू किंचित फुगते, जमिनीला टेकलेला पट्टा लांबट होतो आणि गाडीचे वजन अधिक जागेवर पसरते. एवढे करूनही चाक जागच्या जागी फिरू लागलेच, तर अॅक्सिलरेटरवरून पाय लगेच काढावा. ते चाक काही क्षणांत स्वतःचाच खड्डा खणते आणि एक्सल, म्हणजे चाके जोडणारा आस, वाळूला टेकला की फावडे काढण्यावाचून गत्यंतर नसते. वेळीच थांबल्यास आपल्याच चाकोरीतून सावकाश मागे येता येते.

वाळूच्या मोठ्या टेकड्या हव्या असलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियातच सिम्प्सन वाळवंट आहे. तेथे एकामागून एक अशा सुमारे १,१०० समांतर टेकड्या पसरलेल्या आहेत. त्यांचा पश्चिमेकडील उतार सौम्य आणि पूर्वेकडील उतार तीव्र असल्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे सोपे पडते. टेकडी नेहमी सरळ चढावी आणि सरळच उतरावी, कारण आडवी घातलेली गाडी उलटू शकते. माथ्यापलीकडून येणाऱ्याला आपण दिसावे म्हणून गाडीवर उंच काठीला झेंडा लावणे तेथे सक्तीचे आहे. कडक उन्हाळ्यामुळे तेथील राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असते.

खडकाळ वाटांसाठी अमेरिकेतील यूटा राज्यातले मोआब प्रसिद्ध आहे. तेथील वालुकाश्मावर टायरची पकड इतकी चांगली असते की चढ पाहून बसलेली भीती प्रत्यक्ष चढताना कमी होते. कॅलिफोर्नियातील सुमारे ३५ किलोमीटरची रुबिकॉन ट्रेल मात्र मोठमोठ्या दगडांची आहे आणि ती पहिल्या वर्षात करण्याची वाट नव्हे. अशा ठिकाणी लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, चालण्याच्या गतीने जावे, एकाने खाली उतरून खुणा कराव्यात आणि मोठा दगड दोन चाकांच्या मधोमध घेण्याऐवजी त्याच्यावर टायर चढवावा, म्हणजे गाडीचे पोट वाचते.

आइसलँडची गोष्ट निराळी आहे. तेथे आखलेली वाट सोडून गाडी चालवणे हा गुन्हा आहे. अंतर्भागातील ‘एफ’ अक्षराने ओळखले जाणारे रस्ते फक्त उन्हाळ्यात खुले होतात आणि त्यांवर पुष्कळ नद्यांना पूल नाहीत. हिमनदीतून येणारे पाणी दिवस तापेल तसे वाढत जाते, म्हणून नदी सकाळी ओलांडावी. पात्र जेथे अरुंद आणि शांत दिसते तेथे खोली अधिक असण्याचा संभव असतो. रुंद, खळाळणारी जागा बहुधा उथळ असते. जेथे पायी उतरण्याचे धाडस होत नाही, तेथे गाडीही घालू नये. इंजिन पाण्यात बंद पडलेच तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, कारण आत शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि त्यामुळे इंजिनाचे भाग वाकतात.

बोत्स्वानातील मकगाडिकगाडीसारखी मिठाची मैदाने वरून कोरडी आणि कडक दिसतात, पण पापुद्र्याखाली चिखल असू शकतो. तेथे जुनी चाकोरी सोडू नये.

जागा कोणतीही असो, सोबत दुसरी गाडी असावी. ओढण्याचा पट्टा चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला लावल्यास तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो. हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसरही बरोबर ठेवावा, कारण डांबरी रस्ता लागताच टायरचा दाब पूर्ववत करावा लागतो. कमी हवेवर वेगाने धावलेला टायर तापून फुटू शकतो.