गाडी जपूनही इंजिनचं काम निघालं, तर? हेड उतरवण्याआधी हे करा

ऑइल वेळेवर, सर्व्हिस वेळेवर, टायरची हवासुद्धा आठवड्याला बघायचो. तरी आमच्या पेट्रोल गाडीचं कूलंट कमी व्हायला लागलं. खाली थेंबभर सांडलेलं दिसेना. एकदा गगनबावड्याकडं जाताना टेंपरेचरचा काटा वर सरकला. गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि टोचन करून आणली. त्या दिवशी तेवढंच शहाणपण सुचलं. तापलेलं इंजिन तसंच रेटलं की गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या पातळ सीलचा, खर्च हेडवर, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागावर जातो. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडताच निकाल लागला: "हेड उतरवायला लागतंय." मोजमाप काहीच नाही! इथं थांबायचं. आधी कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) आणि इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरात दाब किती बनतो ते मोजणं) करून मागा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा जॉब कार्डावर लिहून घ्या. आकडा किती हवा हे गाडीच्या मॅन्युअलवरून ठरतं, पण सिलिंडरांत आपापसात मोठा फरक नको. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर संशय गॅस्केटवर. एखादाच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघायचं. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं तर इंजिन सुरूच करू नका.

वॉरंटी असेल तर बाहेर नटसुद्धा सैल करू देऊ नका. नुकतीच संपली असली तरी सर्व्हिसची सगळी बिलं जोडून कंपनीला लेखी अर्ज करा. कधीकधी पार्टच्या किमतीत कंपनी वाटा उचलते. विम्यावर विसंबू नका. नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

बाहेर काम करायचं ठरलं तर आपल्याकडं कोल्हापुरात वर्कशॉपांचं उद्यमनगर आहे, मशीनिंगला लांब जायला नको. हेड उतरवताना समोर उभं राहा. माझ्या मिस्त्रीनं हेडवर स्टीलची सरळ पट्टी आडवी धरली आणि खालून ०.०५ मिलिमीटरची फिलर पात (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवली. ती मध्यभागी अलगद आत गेली. "बघा, वाकलंय." फेसिंग मारण्याआधी, म्हणजे हेड घासून सपाट करण्याआधी, हेडला तडा आहे का, हे प्रेशर टेस्टनं बघून घ्या, तडकलेल्या हेडला फेसिंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपही तेव्हाच तपासा, नाहीतर नवं गॅस्केट पुन्हा जाईल. हेडचे बोल्ट आवळताना ताणले जाणारे, एकदाच वापरायचे असतील तर नवेच घाला. जुने पार्ट मागून घ्या.

एस्टिमेट गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं, तर मी गाडी विकायचा विचार करीन. जुनं इंजिन आणून बसवायचं असेल तर इंजिन नंबर बदलतो. आरटीओत आरसीवर त्याची नोंद करावी लागते.

सदोष इंजिन असूनही कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.

काम झाल्यावर मी कूलंटच्या टाकीवर मार्करनं रेघ ओढली. महिनाभर रोज सकाळी गार इंजिनावर बॉनेट उघडून बघत होतो. शेजारचे काका विचारायचे, "आज काय म्हणतीय रेघ?"