‘बॉरो’ की ‘लेंड’? उसनवारीच्या इंग्रजीत या चुका टाळा

कोल्हापुरात काहीही मागायचं असलं तरी ‘दे की’ म्हटलं की भागतं. ‘पेन दे की जरा’, ‘गाडी दे की, महाद्वार रोडला जाऊन येतो’, ‘पाचशे दे की भावा, पगार झाला की देतो’. वस्तू परत मिळणार हे देणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. इंग्रजी बोलायला लागलं की हीच मंडळी अडतात आणि ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ किंवा ‘कॅन आय लेंड युवर पेन?’ असं काहीतरी तोंडातून निघतं. दोन्ही वाक्यं चूक आहेत. दुसऱ्याचा अर्थ तर उलटाच होतो: तुमचं पेन मी कुणाला उसनं देऊ का?

‘उसनं’ हा आपला शब्द घेणाऱ्याचाही आणि देणाऱ्याचाही. उसनं घेतलं, उसनं दिलं. दिशा पुढचं क्रियापद सांगतं. इंग्रजीत ती दिशा क्रियापदाच्या पोटातच आहे. ‘बॉरो’मध्ये घेणं आलं, ‘लेंड’मध्ये देणं आलं. ‘बॉरो म्हणजे उसने’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी ‘ही बॉरोड मी हिज बाइक’ लिहिणारच. जर्मन माणसंही इंग्रजी शिकताना इथेच अडखळतात, कारण त्यांच्या ‘लायहन’ या क्रियापदात घेणं आणि देणं दोन्ही येतं.

शब्द एकटा पाठ करण्यात काही अर्थ नाही. त्याच्या मागे येणारा शब्द जोडूनच शिकावा: बॉरो फ्रॉम, लेंड टू. शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहात एकाने दुसऱ्याकडून पाचशे रुपये घेतले, तर घेणारा म्हणेल, ‘आय बॉरोड फाइव्ह हंड्रेड रुपीज फ्रॉम माय रूममेट.’ तोच व्यवहार रूममेटला कर्ता करून सांगायचा तर ‘माय रूममेट लेंट मी फाइव्ह हंड्रेड रुपीज.’ ‘लेंट’नंतर लगेच ‘मी’ आला तर मध्ये ‘टू’ घालू नका. वस्तू आधी आली तर मात्र घाला: ‘लेंट फाइव्ह हंड्रेड रुपीज टू मी.’

प्रश्न विचारताना ‘कॅन’च्या पुढे कोण आहे ते बघा. ‘आय’ असेल तर बॉरो, ‘यू’ असेल तर लेंड. ‘बॉरो मी’ अशी जोडी प्रमाण इंग्रजीत कुठेच बसत नाही, त्यामुळे ती दिसली की डोळे झाकून खोडा. ‘गिव्ह मी युवर पेन’ व्याकरणाने बरोबर आहे, पण कानाला हुकूम वाटतो. आपल्या ‘दे की’मधली सगळी विनवणी त्या ‘की’मध्ये असते आणि इंग्रजीकडे ‘की’ नाही. त्याची भरपाई ‘कुड आय बॉरो’ने करावी लागते.

यापेक्षा मोठा घोटाळा उधारीत होतो. उसनं आणि उधार यांतला फरक आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतो, पण इंग्रजीत गेलं की दोन्हींचं ‘बॉरो’ होतं. किराणा दुकानातून दोन किलो गूळ वहीवर लिहून आणला आणि ‘आय बॉरोड टू किलोज ऑफ जॅगरी’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही गूळच परत करणार आहात. इथे ‘आय बॉट इट ऑन क्रेडिट’ म्हणायचं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर बॉरो चालतं, कारण वाटीभर साखर परत जाते. (निदान जायला हवी.) चिमूटभर तंबाखू मागताना मात्र सरळ ‘कॅन आय हॅव’ म्हणा.

पैसे मोजून वापरलेली वस्तू बॉरो होत नाही. राजारामपुरीत खोली घेतली तर ती ‘रेंट’ केली. जागेवरून हलत नाही त्यालाही बॉरो लावू नये. पाहुण्यांच्या घरी ‘मे आय बॉरो युवर बाथरूम?’ विचारलंत तर हसतील. तिथे ‘यूज’ म्हणावं.

वाचनालयात आणखी एक चूक होते आणि ती इतकी रुळली आहे की शिक्षकसुद्धा करतात. आपण म्हणतो, ‘मी पुस्तक इश्यू केलं.’ त्याचंच ‘आय इश्यूड अ बुक’ होतं. इश्यू करतं ते वाचनालय, वाचक बॉरो करतो. करवीर नगर वाचन मंदिर ही 1850 सालची संस्था. तिथून पुस्तक आणलंत तर ‘आय बॉरोड अ बुक फ्रॉम करवीर नगर वाचन मंदिर’ म्हणा. ते पुस्तक दहा दिवस तुमच्याकडे असेल तर ‘आय हॅव बॉरोड इट सिन्स टेन डेज’ हेही चूक. बॉरो करणं हे काउंटरवर एकदाच घडतं, त्यानंतर पुस्तक नुसतं तुमच्याकडे असतं. म्हणून ‘आय हॅव हॅड इट फॉर टेन डेज.’

बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या इंग्रजी कागदावर सही करणार असाल तर हा शब्द नीट ओळखा. ‘बॉरोअर’ म्हणजे कर्जदार, ‘लेंडर’ म्हणजे कर्ज देणारी संस्था. ‘को-बॉरोअर’ म्हणजे सहकर्जदार, आणि तो जामीनदार नव्हे, जामीनदार ‘गॅरंटर’. कुणी ‘नुसती सही कर की’ म्हणालं तर आधी यातल्या कोणत्या शब्दाखाली सही होतेय ते वाचा. सरावासाठी व्याजदरांच्या बातम्या फार उपयोगी पडतात. रेपो दराने रिझर्व्ह बँक इतर बँकांना लेंड करते, त्या तिच्याकडून बॉरो करतात. व्यवहार एकच, कर्ता बदलला की क्रियापद बदललं.

परत न करता घेतलेलंही कधी कधी बॉरो असतं. वजाबाकीत आपण हातचा घेतो, त्याला इंग्रजी माध्यमातली पोरं ‘बॉरो’ म्हणतात. 52 मधून 27 काढताना दशकाकडून घेतलेला एक कोण परत करतो? काही पुस्तकांत आता त्याला ‘रिग्रुपिंग’ म्हणतात, ते जास्त प्रामाणिक. ‘बॉरोड वर्ड’ही तसाच. पगार आणि बटाटा पोर्तुगीजांकडून आले, अक्का आणि अण्णा कानडीतून. त्यांची परतफेड कुणी मागत नाही.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. ‘लेंडेड’ असा शब्द नाही, भूतकाळ ‘लेंट’. आणि ‘बॉरो’च्या स्पेलिंगमध्ये पहिल्या ‘ओ’च्या जागी ‘यू’ पडला तर शब्द होतो ‘बरो’, म्हणजे बीळ किंवा बीळ खणणं. तोही खरा शब्द असल्यामुळे मोबाईल त्याखाली लाल रेघ मारेलच असं नाही. तेव्हा साहेबांना पैशांसाठी मेसेज पाठवण्याआधी तेवढं एक अक्षर स्वतः तपासा.