ट्रॉलीतून आणलेल्या मोटारसायकलचे इंजिन आवाज करू लागल्यास : तपासणीची तयारी

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा पिकअपमधून गावी आणलेली मोटारसायकल उतरवल्यावर पूर्वी नसलेला आवाज करू लागते, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात आपण काय करतो यावर पुढचा खर्च ठरतो. आवाज कुठून येतो हे ओळखणे फारसे अवघड नाही. मात्र त्याची तयारी गाडी ट्रॉलीत चढण्यापूर्वी सुरू व्हावी लागते, आणि गाडी उतरल्यावर पहिली किक मारण्याआधी इंजिन ऑइल पाहावे लागते. ही दुसरी पायरी मागच्या खेपेला माझ्याकडून राहिली आणि टॅपेट सेटिंगचे (व्हॉल्व्हवरची फट नीट करण्याचे) वाटलेले काम हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उघडण्यापर्यंत गेले. म्हणून ती या यादीत पुन्हा पुन्हा येईल.

कागदपत्रे, किल्ली, चढवायची फळी, दोर आणि मदतीला दोन माणसे यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते आवाजाच्या नोंदीविषयी. गाडी चालू स्थितीत असेल तर चढवण्यापूर्वी थंड इंजिन सुरू करून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा आणि पाच-सात मिनिटांनी, इंजिन गरम झाल्यावर, फोन त्याच जागी धरून पुन्हा करावा. नागपूर-अमरावतीकडून जुनी गाडी विकत आणताना तर हे अत्यावश्यक आहे, कारण आपण पोहोचण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवले असेल तर थंडपणीचा आवाज ऐकायलाच मिळत नाही. अशा वेळी इंजिन निवेपर्यंत थांबावे आणि विकणाऱ्याने घाई केली तरी हलू नये. त्याच वेळी ऑइलची पातळी पाहून डिपस्टिकचा फोटो घ्यावा. हा फोटो उतरल्यानंतर कामाचा आहे, तो गाळू नये.

आता पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीचा कॉक ट्रॉलीत चढवण्यापूर्वी बंद केलाच पाहिजे, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे, कारण पुढचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोलची वाट बंद करते. गाडी स्वतः धावत असते तेव्हा इंजिन पेट्रोल ओढतच असते, त्यामुळे थोडे जास्त आले तरी बिघडत नाही. ट्रॉलीत मात्र इंजिन बंद असते, गचक्यांनी फ्लोट सारखा वरखाली होतो, सुई आपली जागा सोडते आणि कॉक उघडा असेल तर टाकीतले पेट्रोल वाटीत उतरतच राहते. जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडावे अशी रचना असते. परंतु ती नळी मातीने बुजलेली असली किंवा गाडी कलती बांधली गेली असली, तर ते इनलेटमधून सिलिंडरमध्ये जाते, रिंगांच्या फटींतून खाली झिरपते आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळते. स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसीच्या गाड्यांचे सिलिंडर जवळजवळ आडवे आणि कार्ब्युरेटर त्याच्या वर असतो, त्यामुळे पेट्रोलला खालची वाट सोपी मिळते. कॉक बंद केल्यावर वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून वाटीही रिकामी करावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांच्या मालकांना कॉकची काळजी नाही, पण ऑइल पाहण्यातून त्यांचीही सुटका नाही. गाडी आडवी झाली असेल तर त्यांचेही ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाऊ शकते.

बांधण्याविषयी थोडक्यात. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी राहिली पाहिजे. साइड स्टँडवर किंवा मेन स्टँडवर बांधू नये, कारण गचक्यांचा सगळा भार स्टँडच्या बोल्टवर आणि फ्रेमच्या त्या कोपऱ्यावर येतो. पुढचे चाक ट्रॉलीच्या फळीला टेकवावे आणि दोर हँडलऐवजी फोर्कच्या खालच्या प्लेटला बांधून शॉकअप साधारण निम्मे दबेल इतके ओढावेत. सायलेन्सर, त्याचा पाइप किंवा लेगगार्ड यांना दोर मुळीच अडकवू नये. सायलेन्सरला ताण बसला की हेडजवळचे नट सैल होतात, तिथून गॅस फुटतो आणि तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. गिअरमध्ये ठेवून बांधली आणि दोर थोडे सैल झाले, तर मागचे चाक पुढेमागे डोलते आणि प्रत्येक झटका चेन, गिअरबॉक्स व इंजिनातल्या टायमिंग चेनपर्यंत पोहोचतो.

आपल्याकडे गाडी आणायची सोय बहुधा जिनिंगमध्ये कापूस टाकून परतणाऱ्या ट्रॉलीतच होते. भाडे वाचते हे खरे, पण रिकामी ट्रॉली भरलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त उडते. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात तडकतात आणि दोन वर्षांत लाटांसारखे होतात. त्यात शेवटचे अंतर पांदण रस्त्याचे असेल, तर गचक्यांची कल्पना करावी. ट्रॅक्टर सावकाश चालवायला सांगावे, वाटेत एकदा थांबून दोर तपासावेत आणि गाडीखाली पेट्रोलचा ओलावा दिसतो का ते पाहावे. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूर भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरलेली नसावी. ट्रॉलीतला कापसाचा पुंजका एअर फिल्टरच्या तोंडाशी किंवा इंजिनच्या फिन्समध्ये अडकतो, तो उतरल्यावर काढावा.

गाडी उतरली. आता घरची आणि शेजारची मंडळी जमतात आणि कोणीतरी म्हणतेच, "मार किक, पाहू चालू होते का." किक मारू नये. सेल्फचे बटण दाबू नये. आधी ऑइल पाहावे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करून निदान पंधरा मिनिटे थांबावे. तेवढ्यात हात साबणाने धुवावेत, कारण कॉक हाताळलेल्या बोटांना पेट्रोलचा वास असतोच आणि पुढची परीक्षा वासाचीच आहे. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा आत घालावी (हीरोच्या गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते), बाहेर काढावी आणि फोटोतल्या पातळीशी ताडून पाहावी. पातळी वर गेली असेल तर तर्क लढवण्याचे कारण नाही, ऑइलमध्ये काहीतरी आलेले आहे. मग एक थेंब अंगठा आणि तर्जनी यांत घेऊन बोटे हळूहळू दूर करावीत. चांगले ऑइल बारीक तार धरते. पेट्रोल मिसळलेले ऑइल तार धरत नाही, लगेच तुटते, बोटावर पसरते आणि त्याला उग्र वास येतो. शंका राहिली तर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकावा. काळ्या ठिपक्याभोवती फिकट ओलसर वर्तुळ झपाट्याने पसरले तर संशय पक्का समजावा. पातळी खाली गेली असेल तर एअर फिल्टर उघडून तो ऑइलने भिजला आहे का ते पाहावे.

याला इतके महत्त्व का, तर मोटारसायकलमध्ये बहुधा एकाच ऑइलवर इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच चालतात. पातळ झालेले ऑइल व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि रॉकर यांच्यामध्ये थर धरत नाही. तेव्हा वरून टकटक येते, आपण टॅपेट घट्ट करतो, आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो आणि त्याच ऑइलवर गाडी शेतापर्यंत फिरवून आणतो. तेवढ्यात कॅमवर ओरखडे पडलेले असतात. ऑइल न पाहता काढलेले आवाजाचे कोणतेही निदान विश्वासाचे नाही, मग ते कितीही जुन्या मेकॅनिकचे असो.

ऑइलमध्ये पेट्रोल सापडले, किंवा गाडी वाटेत आडवी झाली होती असे कळले, तर प्लग काढावा, किल्ली बंद ठेवावी, प्लगची कॅप छिद्रापासून दूर करावी आणि किक हाताने हळू दाबावी. सिलिंडरमध्ये साचलेले पेट्रोल छिद्रातून उडते, म्हणून तोंड समोर आणू नये. हे काम अंगणातल्या पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगापासून आणि चुलीपासून दूर करावे, आणि जवळ कोणाला विडी ओढू देऊ नये. प्लग न काढता दाबलेली किक मध्येच दगडासारखी अडली तर तिच्यावर उभे राहू नये. द्रव दाबला जात नाही, अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर सगळे ऑइल काढून पुस्तिकेतल्या ग्रेडचे नवे भरावे : स्प्लेंडरसाठी १०डब्ल्यू-३०, यूसीई इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटसाठी १५डब्ल्यू-५०, आणि डब्यावर 'जासो एमए' (मोटारसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेले असावे. घरात ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनचे ऑइल आहे म्हणून ते ओतू नये, त्यात क्लच घसरण्याचा धोका आहे. कार्ब्युरेटरची सुई तपासल्याशिवाय कॉक उघडू नये, नाहीतर नवे ऑइलही तसेच होईल.

आता इंजिन सुरू करावे आणि आधी इंजिनबाहेरचे आवाज बाद करावेत. सायलेन्सरचे गार्ड, चेन कव्हर, लेगगार्ड, नंबर प्लेट, हेडलाइटचा डूम यांवर एकेक करून फडक्याने दाब द्यावा. दाबल्यावर जो आवाज थांबतो तो इंजिनाचा नसतो. इंजिनचे फाउंडेशन बोल्ट पान्याने पाहावेत. सायलेन्सरचा पाइप हेडला मिळतो तिथे ताजी काजळी दिसली आणि आवाज थंडपणी मोठा, गरम झाल्यावर कमी येत असेल, तर गॅस्केट आणि नट पाहावेत. टॅपेटला हात लावू नये.

उरलेल्या आवाजासाठी लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ऐकावे. गळ्यातला दुपट्टा आधी काढावा. हेडच्या झाकणाशी हलकी, एकसारखी टकटक म्हणजे टॅपेट. यूसीई बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट असल्याने बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सुरुवातीला थोडा वेळ वाजते आणि ऑइल पोहोचल्यावर शांत होते. सिलिंडरच्या कडेने खळखळ येत असेल तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचची बाजू. खालून जड ठोका येत असेल आणि अॅक्सिलरेटर दिल्यावर तो वाढत असेल, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि पुन्हा सुरू करू नये. रेकॉर्डिंगशी तुलना या सर्वांत करावी.

चाचणीची फेरी छोटी ठेवावी, चेनचा ताण आणि ब्रेक आधी पाहावेत. फेरीनंतर ऑइल पुन्हा पाहावे.

तरीही आवाज राहिला तर गाडी ढकलत किंवा पुन्हा वाहनात घालून मेकॅनिककडे न्यावी. दोन्ही रेकॉर्डिंग, डिपस्टिकचा फोटो आणि निचरलेले ऑइल बाटलीत भरून सोबत न्यावे, आणि प्रवासात कॉक उघडा होता की बंद हे खरे सांगावे.