तुमच्या पोलीस ठाण्यात माणसं किती? खरा आकडा असा काढा

‘ठाण्यात माणसंच नाहीत’ हे ठाणे अंमलदारापासून आमदारापर्यंत सगळे म्हणतात, कागदावर मात्र कुणी मांडत नाही. मांडायचं तर आधी तीन आकडे वेगळे करा: मंजूर, कार्यरत आणि उपलब्ध. मंजूर म्हणजे शासनाने दिलेली पदं, कार्यरत म्हणजे पटावरची माणसं. उपलब्ध म्हणजे त्यातली ठाण्याच्या कामाला प्रत्यक्ष मिळणारी. ती किती, हे सहसा कुठेच छापून येत नाही, आणि कामाचा आकडा तोच.

सुरुवात हद्दीपासून करा. पुणे जिल्ह्यात पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन आयुक्तालयं, शिवाय पुणे ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय, असे तीन घटक आहेत. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या घेऊन ग्रामीणच्या पोलिसांनी भागली, की भयंकर आकडा निघतो आणि तो साफ चुकीचा असतो. राज्याचं ‘लाखामागे पोलीस’ हे प्रमाणही इथे लावू नका. त्यात राज्य राखीव दलासारखं सशस्त्र बळ धरलेलं असू शकतं, आणि ते तुमच्या ठाण्यात बसत नाही.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, जोडपत्र ‘अ’ मध्ये, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, त्यामुळे मागणी आटोपशीर ठेवा:

‘अमुक तारखेस अमुक पोलीस ठाण्यातील पदनिहाय मंजूर, कार्यरत व रिक्त पदे, त्यापैकी अन्यत्र संलग्न असलेल्यांची पदनिहाय संख्या व संलग्नतेचे ठिकाण, दीर्घ रजा, प्रशिक्षण व निलंबन यांतील संख्या.’

संलग्न म्हणजे पट या ठाण्याचा, काम मात्र दुसरीकडे. तारीख घालायलाच हवी, नाहीतर मंजूर आकडा एका वर्षाचा आणि कार्यरत दुसऱ्याच वर्षाचा येतो. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज अडतो. ‘पदे का भरली नाहीत?’ असंही विचारू नका. कारण नोंदीत नसेल तर ते देण्याचं बंधन नाही. गडचिरोलीसारख्या भागात चौकीनिहाय संख्या सुरक्षेचं कारण देऊन नाकारली जाऊ शकते, तिथे जिल्ह्याची एकत्रित संख्या मागा.

उत्तर आलं की वजाबाकी. समजा मंजूर 82, कार्यरत 64. स्थानिक गुन्हे शाखा, वाहतूक, मुख्यालय इथे संलग्न 9, दीर्घ रजा आणि प्रशिक्षणात 5. उरले 50. यातून ठाणे अंमलदार, मुद्देमाल, बारनिशी (आवक-जावक), सीसीटीएनएस (गुन्ह्यांची संगणक नोंद), गोपनीय (माहिती काढणारे), समन्स-वॉरंट, कोर्ट पैरवी यांचे 16 काढा. राहिले 34. साप्ताहिक सुट्टीचे रोज साधारण 5 गेले की 29, आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या तर एका वेळी 14-15. बंदोबस्त निघाला तर तेही नाहीत. 18 पदं रिक्त, एवढंच छापणाऱ्या बातमीत यातलं काही दिसत नाही.

आठ तासांची पाळी मागणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. चोवीस तास चालणाऱ्या एका खुर्चीला वर्षात 1095 पाळ्या लागतात. सुट्ट्यांचे 52, रजेचे 50 आणि प्रशिक्षणाचे 10 दिवस धरले तर एक माणूस 253 दिवस मिळतो. म्हणजे एका खुर्चीमागे सव्वाचारहून जास्त माणसं. बारा तासांच्या पाळीत तेच काम जेमतेम तिघांत बसतं. पाळी लांबते ती इथे.

रिक्त पद कोणत्या हुद्द्याचं, हेही पाहा. शिपायाची भरती घटकनिहाय होते आणि आंतरजिल्हा बदली सोपी नसते, म्हणून ती जागा त्या घटकाच्या भरतीशिवाय सहसा भरत नाही. उपनिरीक्षक ते निरीक्षक या अधिकाऱ्यांच्या जागा मात्र बदल्यांवर हलतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्यांचा ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ 2 वर्षं आहे आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. त्यामुळे मेअखेरचा आकडा फसवा असू शकतो: जुना अधिकारी कार्यमुक्त, नवा अजून हजर नाही. 1 जानेवारीची तारीख धरलेली बरी.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिलं अपील करा, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. अर्ज दिल्याची शिक्क्याची पोच त्याला जोडावी लागते, म्हणून ती पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.