घरातल्या कुंड्यांची माती कालवायला बसण्याआधी

आधीच सांगते, गच्चीवरच्या कुंडीत जी माती छान चालते ती घरात आणली की झाड आठ-पंधरा दिवसांत मान टाकतं आणि मग आपण म्हणतो माझ्या हाताला गुणच नाही. हाताचा काही दोष नसतो हो. गच्चीवर ऊन असतं, वारा असतो, आपण जास्त पाणी घातलं तरी संध्याकाळपर्यंत उडून जातं. आमच्या हॉलच्या खिडकीत सकाळी जेमतेम दोन-अडीच तास ऊन येतं आणि नंतर नुसता उजेड, म्हणजे गच्चीवर एका दिवसात सुकणारी कुंडी इथे चार-पाच दिवस ओली राहते, आणि तेवढा वेळ मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात. म्हणून खाली जे जे जमवायला सांगतेय त्यातलं निम्म्याहून जास्त सामान हे मातीत पोकळी ठेवण्यासाठी आहे, खत त्या मानाने थोडंच.

पहिलं काम म्हणजे काही विकत न आणता कुंड्या मोजणे. माझ्याकडे आठ इंची आठ आणि बारा इंची दोन आहेत. आठ इंचीत साधारण चार लिटर मिश्रण बसतं, बारा इंचीत चौदा-पंधरा, म्हणजे झाले साठ लिटर. पण सत्तर लिटरचं सामान आणायचं, कारण कालवल्यावर बारीक माती तुसाच्या फटीत जाऊन बसते आणि सात बादल्यांच्या सहाच भरतात. (एका वर्षी हे विसरले आणि शेवटची कुंडी अर्धीच राहिली, तिच्यात मग कांदे ठेवले.) माप म्हणून दहा लिटरची एकच बादली सगळ्याला वापरायची, मध्येच घमेलं नि मध्येच पातेलं असं केलं की हिशोब गेला. माझा सात बादल्यांचा हिशोब असा: कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा, दाबलेल्या विटांच्या रूपात मिळतो) तीन, गांडूळखत दीड, लाल माती एक, भाताचं तूस एक आणि उरलेली अर्धी बादली पर्लाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे पांढरे हलके दाणे). गच्चीसाठी करत असते तर माती दुप्पट घेतली असती.

कोकोपीट आदल्या दिवशीच भिजवायला लागतं, हे नीट लक्षात ठेवा, रविवारी सकाळी कालवायचं तर शनिवारी सकाळी विटा पाण्यात. 650 ग्रॅमची एक वीट साधारण चार लिटर पाणी पिते आणि आठेक लिटर होते, म्हणजे तीन बादल्यांना चार विटा पुरतात. नुसतं भिजवून भागत नाही, धुवायलाही लागतं, कारण नारळाची सोडणं पुष्कळदा खाडीच्या किंवा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात आणि तो खारटपणा भुशात मुरलेला असतो, मग पानांच्या कडा करपतात आणि आपण समजतो पाणी कमी पडलं. दोन-तीन पाण्यांतून काढा. घरात पाणी तपासायचं ते पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं ते) असेल तर निथळलेल्या पाण्यात बुडवून बघा, आकडा नळाच्या पाण्याच्या आसपास आला की पुरे, आणि मीटर नसेल तर रंग बघा, काळ्या चहासारखं पाणी फिक्कट झालं पाहिजे. आता हे धुण्याचं काम कुठे करायचं? बाथरूममध्ये मुळीच नाही. मी केलं होतं, अगदी हौसेने, आणि तो भुसा जाळीतून खाली जाऊन असा काही बसला की प्लंबर बोलवायला लागला, वर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीत पाणी चढलं ते वेगळंच, अजून लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात "यंदा माती कधी?" तर जुनी सुती साडी नाहीतर गोणपाट आणून ठेवा, त्यात पोटली बांधायची, बादलीत बुचकळायची, पिळायची, आणि ते पाणी सोसायटीच्या झाडांना न घालता सरळ सांडून द्यायचं कारण खार त्यातच आहे.

लाल माती. नर्सरीवाले जी गोणी देतात तिच्यात काय असेल त्याचा नेम नाही, म्हणून आणल्या आणल्या दोन चाचण्या करा, दोन्हीला घरातलंच सामान लागतं. एक, काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायची आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा (वाळूहून बारीक मऊ गाळ) तास-दोन तास घेतो, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. तो वरचा चिकण थर जाड दिसला तर मातीचं प्रमाण अर्ध्या बादलीवर आणा. दुसरी चाचणी व्हिनेगरची, चमचाभर सुक्या मातीवर दोन थेंब टाका, फसफसली तर तिच्यात चुना आहे, आणि आपल्याकडे देशावर हे फार, एकतर जमिनीतच चुनखडीचे खडे असतात नाहीतर पाडलेल्या भिंतीचा राडारोडा मिसळलेला असतो. असल्या मातीत झाडाला लोह घेता येत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. काळी माती शेतात सोन्यासारखी असेल, कुंडीत नको, ओली झाली की फुगते, सुकली की आकसून कडेने भेग पडते आणि पाणी त्या भेगेतून थेट ताटलीत. माझ्या सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही, ते गावाहून येताना पिशवीत काळी माती घेऊनच येतात, मी ती गुपचूप खालच्या आळूला घालते. आणि हो, माती पावसाळ्याच्या आधी आणून ठेवा, जून-जुलैत गोणी चिखलासारखी येते, वजन दुप्पट, आणि चाळता येत नाही ती नाहीच.

गांडूळखताला सगळ्यात जास्त वेळ द्या कारण फसवाफसवी इथेच होते. सरकारच्या खत नियंत्रण आदेशात (1985 चा) गांडूळखताला निकष दिलेले आहेत, ओलावा 15 ते 25 टक्के आणि नत्र कमीत कमी 1 टक्का, हे पिशवीवर छापलेलं आहे का बघा. न छापलेली सुटी पिशवीही चांगली निघू शकते, फक्त मग हातात घेऊन पारखायला लागते. चांगलं खत चहाच्या भुकटीसारखं रवाळ लागतं, बोटाला चिकटत नाही, आणि वास पहिल्या पावसाचा येतो. शेणाचा वास आला म्हणजे अजून झालेलं नाही. मला एकदा पाच किलोची पिशवी आली ती हाताला जड जड लागत होती, मी खूश, घरी येऊन पाण्यात टाकलं तर निम्मी गाळाची माती खाली बसली! शिवाय अर्धकच्चं खत घरात आणलं की आठवड्यात चिलटं. ती बारीक काळी, टीव्हीसमोर घुटमळणारी. त्यांच्या अळ्या वरच्या इंच-दोन इंच ओल्या कुजक्या मातीत वाढतात, त्यामुळे घरात कच्चं शेणखत, कच्चं कंपोस्ट, मिक्सरमधून काढलेली केळीची सालं असलं काहीही नको. गच्चीवर करा ते प्रयोग. खत चाळायला भाजीवाल्याची प्लास्टिकची जाळीदार क्रेट उलटी करून वापरते मी, नाहीतर जुन्या पंख्याची जाळी.

आता पोकळी देणारं सामान. पर्लाइट चांगलं, हलकं, पण महाग, आणि ओतताना पांढरी धूळ उडते म्हणून मास्क लावा नि आधी पिशवीतच थोडं पाणी शिंपडा. स्वस्तातला उपाय म्हणजे भाताचं तूस, मावळ-मुळशी-भोरकडे कोणी जाणारं असेल तर भातगिरणीवरून पोतं आणायला सांगा. फक्त एक, तुसात अख्खे दाणे राहिलेले असतात आणि ते कुंडीत उगवतात, माझ्या पुदिन्यात एका वर्षी भाताची रोपं आली होती, मुलीने शाळेच्या प्रोजेक्टला नेली. म्हणून तूस उकळत्या पाण्यात घालून रात्रभर ठेवायचं, पाणी काढून पसरून निथळायचं. दोन्ही नसेल तर जुन्या विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात, वजन वाढेल एवढंच. बांधकामाची क्रश सँड धुतल्याशिवाय घेऊ नका, तिच्यातली दगडाची भुकटी बसून सगळं लिंपून टाकते.

उसाचं चिपाड मिळत असेल तर तेही कुजवून वापरता येतं, आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार (शेतीचे प्रयोग करून एकमेकांना सांगणाऱ्यांचा गट) आणि मुंबईचे डॉ. दोशी यांनी चिपाड-पालापाचोळ्यावर गच्चीत भाज्या काढायची वाट कधीच दाखवून ठेवलीय. पण फ्लॅटच्या आत रसवंतीचं चिपाड म्हणजे मुंग्यांना जेवणाचं आमंत्रण. पूर्ण काळं झालेलं असेल तरच.

निंबोळी पेंड घ्या, प्रत्येक बादलीला एक मूठ, म्हणजे सात बादल्यांना साधारण साडेतीनशे ग्रॅम. कडू वास येतो दोन-चार दिवस, मग जातो. शेंगदाणा पेंड मात्र घरात आणू नका, भिजली की पांढरी बुरशी, वास, आणि आमच्याकडे तर मांजरीने कुंडी उकरली. हाडांचा चुरा आईला देवघराशेजारी चालणार नाही म्हणून मी घालत नाही, तुम्हाला चालत असेल तर बादलीला दोन चमचे. अंड्याची टरफलं नुसती चुरून टाकण्यात अर्थ नाही, मिक्सरमध्ये पीठ करून टाका, तरी मुरायला महिने लागतात. राख चिमूटभरच, ती खारवट असते. ट्रायकोडर्माची (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पुडी कृषी सेवा केंद्रात मिळते, आणायची तर पाकिटावरची मुदत बघून आणि आधी ओलसर गांडूळखतात मिसळून सावलीत आठवडाभर ठेवायची, म्हणजे हे काम सगळ्यांच्या आधी, कोकोपीटच्याही आधी सुरू होतं.

एवढं जमलं की कालवायचा दिवस. ताडपत्री किंवा शॉवरचा जुना पडदा, खुरपं, झारी, मास्क, आणि हातमोजे नसतील तर कोकोपीट पिळलेल्या हातांना खोबरेल. पंखा बंद. आधी सुकं सुक्यात म्हणजे माती, पेंड, पर्लाइट, मग खत आणि तूस, शेवटी पिळलेलं कोकोपीट, आणि ताडपत्रीची चार टोकं आळीपाळीने ओढून ढीग इकडून तिकडे लोळवायचा, खुरप्याने घुसळण्यापेक्षा हे बरं, पर्लाइटचा चुरा होत नाही. आठ-दहा वेळा तरी. मग मूठभर घेऊन घट्ट दाबा: लाडू वळला पाहिजे, बोट लावलं की फुटला पाहिजे, आणि बोटांतून जास्तीत जास्त एखादा थेंब यावा. पाण्याची धार आली तर पसरून ठेवा. लाडू वळलाच नाही तर झारीने शिंपडा, ओतू नका.

लगेच झाड लावायची घाई असते, मला पण असते, पण दोन-तीन आठवडे हे गोणपाटाखाली सावलीत ठेवाच. पेंड कुजताना ढीग कोमट होतो, हात घातला की कळतं, आणि त्यात नाजूक मुळं गेली की भाजतात. चार दिवसांनी एकदा वरखाली करा, ओल बघा. अमोनियाचा झणका आला तर अजून आठवडा, पावसाचा वास आला तर झालं.

भरतानाची एक गोष्ट ज्यावरून माझं सगळ्यांशी भांडण होतं: कुंडीच्या तळाला खडी घालायची नाही. पाणी निचरतं म्हणून घालतात ना, उलट होतं. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, टपकायचा थांबला की उभा करा, परत पाणी गळतं. म्हणजे कुठल्याही मिश्रणाच्या तळाशी ठरावीक उंचीचा ओला थर राहतोच, आणि खडी घातली की तो थर खडीच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. म्हणून घरासाठी पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी घ्या, आणि भोकावर एकच खापरी नाहीतर काथ्याचा तुकडा, माती वाहू नये एवढ्यापुरता.

काठापासून दीड इंच खाली भरा, दाबू नका, कुंडी दोनदा जमिनीवर आपटली की बसतं. झाड लावायच्या आधी एकदा भरपूर पाणी घालून घड्याळ बघा, पाच मिनिटांत ताटलीत पाणी यायला हवं, वर तळं साचून राहिलं तर सगळं उपसून अर्धी बादली तूस अजून घाला, आळस करू नका. ताटलीतलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकायचं. पुढे पाणी कधी घालायचं हे वरून बघून ठरवू नका, कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, बोटाची दोन पेरं आत घालून बघा किंवा कुंडी उचलून बघा, एक-दोन आठवड्यांत वजनाचा अंदाज हाताला बसतो. उरलेलं मिश्रण फेकू नका, झाकणाच्या डब्यात तारीख लिहून ठेवा, महिनाभरात प्रत्येक कुंडी इंचभर खाली बसते तेव्हा वरून भरायला तेच लागतं.