‘अकाउंटिंगचा नियम आहे ताई’ असं शोरूमवाला म्हणाला तर

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. भाच्याने दिवाळीत ई-स्कूटर घेतली. हँडलवर रिव्हर्सचं बटण आहे, पण दाबलं की स्क्रीनवर कुलूप. उघडायचे पैसे वेगळे. शोरूममधला पोरगा मला म्हणतो, "फुकट दिलं तर ऑडिटवाले धरतात, ताई." बावीस वर्षं ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला!

तुम्हाला कुणी असं ऐकवलं तर लगेच भांडू नका, त्यात थोडं तथ्य आहे. माल विकला आणि एखादी सोय पुढे देऊ म्हणून कबूल केलं, तर त्या सोयीच्या वाट्याची रक्कम आज उत्पन्नात धरता येत नाही. ती आगाऊ आलेली म्हणून देण्याच्या बाजूला ठेवायची आणि सोय दिली की उत्पन्नात घ्यायची. आपल्याकडे 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेलं इंड एएस 115 हे कंपन्यांच्या हिशेबाचं मानक हेच सांगतं. पण ते कंपनीच्या वहीपुरतं. गिऱ्हाइकाकडून पुन्हा पैसे घ्या, असं त्यात कुठेही नाही.

2007 साली अ‍ॅपलने आपल्या मॅक कॉम्प्युटरमध्ये आधीच बसवलेलं वेगवान वायफाय चालू करायला 1.99 डॉलर घेतले आणि कारण हेच सांगितलं. तेव्हाचे अमेरिकी नियम खरोखर कडक होते. पुढे द्यायच्या सोयीची सुटी किंमत दाखवता आली नाही, तर मोठी रक्कम लांबणीवर पडायची. म्हणून नावाला का होईना, किंमत लावली. पण त्याच कंपनीने आयफोनचं उत्पन्न 24 महिन्यांत विभागून दाखवलं आणि त्याचे अपडेट फुकट दिले. त्याच कंपनीचा आयपॉड टच घेणाऱ्यांनी मात्र 2008 मध्ये अपडेटचे पैसे मोजले. म्हणजे वाट दुसरीही होती. 2009 मध्ये तर ते नियमही सैल झाले.

तेव्हा शोरूममध्ये एवढंच विचारा: "कुठला नियम, कुठलं कलम? ईमेलवर लिहून द्या." तोंडी उत्तर घेऊ नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, माहितीपत्रक आणि बिल एकत्र ठेवा. खरा मुद्दा हिशेबाचा नाहीच. विकताना ही सोय गाडीत आहे असं सांगितलं होतं का, की सोयी उघडायचा पॅक वेगळा विकत घ्यावा लागेल असं स्पष्ट लिहिलं होतं? लिहिलं असेल तर तुमची बाजू लंगडी. भाच्याचं थोडं तसंच झालं, बारीक अक्षरं वाचली नाहीत त्याने. माहितीपत्रकात सोय छापली आणि कुलपाचा उल्लेखच नसेल, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून मोजतात. कंपनी पुण्याची असो की बंगळुरूची, तुम्ही नाशिकला राहता म्हणून नाशिकलाच दाखल करता येते.

नवी गाडी घेताना बुकिंगचे पैसे द्यायच्या आधीच विचारा, कुठल्या सोयी बंद आहेत, उघडलेली सोय कायमची की वर्षाची. उत्तर कोटेशनवर लिहून घ्या, शिक्क्यासकट. जुनी गाडी घेत असाल तर विकणाऱ्याच्या मोबाइलवरचं अ‍ॅप स्वतः बघा. पॅक गाडीच्या नंबरवर आहे की त्याच्या खात्यावर, हे कंपनीकडून कळेपर्यंत टोकन देऊ नका.