साठीनंतर चेहऱ्यावर सौंदर्यशस्त्रक्रिया करावी का, हे ठरवताना

सर्जनची वेळ घेण्याआधी घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ बसून हातातल्या आरशात चेहरा पाहावा आणि मग तोच आरसा घेऊन पलंगावर उताणे पडून पुन्हा पाहावा. उताणे पडल्यावर गालांची आणि हनुवटीखालची सैल कातडी कानांकडे सरकते आणि फेसलिफ्टने, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी उचलून बसवण्याच्या शस्त्रक्रियेने, चेहरा कोणत्या दिशेने बदलेल, याचा कच्चा अंदाज येतो. त्या स्थितीतही जे जसेच्या तसे राहते, म्हणजे ओठांभोवतीच्या बारीक रेषा, गालांवरचे वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, ते या शस्त्रक्रियेने जाणार नाही. पुष्कळांची खरी तक्रार नेमकी या दुसऱ्या यादीतली असते, आणि त्यांचा प्रश्न पलंगावरच मिटतो.

मिटला नाही तर कागद घ्यावा आणि तक्रार एकाच वाक्यात लिहावी. ‘चेहरा थकलेला दिसतो’ हे वाक्य कामाचे नाही, कारण त्यावर कोणालाही काहीही सुचवता येते. ‘वाचताना वरची पापणी आड येते’ किंवा ‘जबड्याची कड मानेत हरवली आहे’ ही वाक्ये कामाची आहेत. त्याखाली ही गोष्ट केव्हापासून खुपते आणि ती पहिल्यांदा कोणी बोलून दाखवली, हेही लिहावे. परदेशातल्या नातवंडांशी फोनवर बोलताना पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा पाहून अनेकांना हा विचार सुचतो. पण मांडीवर धरलेला फोन खालून आणि जवळून पाहत असतो, त्यामुळे त्यात नाक मोठे आणि गळा सैल दिसणारच. जोडीदाराच्या निधनानंतर किंवा निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात हा निर्णय घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात माणसाला आपला चेहरा परका वाटतो आणि त्याचे कारण कातडीत नसते.

आता पापण्यांविषयी थोडे सविस्तर, कारण या वयातल्या निम्म्या शंका तिथून सुरू होतात. वरची पापणी दोन निरनिराळ्या कारणांनी खाली येते. एक तर पापणीची कातडी सैल होऊन तिची घडी पापणीच्या केसांवर टेकते, किंवा पापणी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला पापणीशी जोडणारा पट्टा, सैल झाल्यामुळे पापणीची कडच बुबुळावर उतरते. बाहेरून दोन्ही सारखेच वाटते, पण शस्त्रक्रिया वेगळी असते. नुसती कातडी कापून दुसरा दोष जात नाही. पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवून पाहिल्यास पापणी मुळातच जड होती की अलीकडे उतरली, हे डॉक्टरांना कळते, म्हणून लग्नाचा अल्बम तपासणीला बरोबर न्यावा. डोळ्यांचे डॉक्टर दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर समोर ठेवून भोवतालचे किती दिसते याची, तपासणी दोनदा करतात, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा ती चिकटपट्टीने वर उचलून; दोन्हींत मोठा फरक आढळला तर प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. मात्र एकच पापणी एकाएकी उतरली, वस्तू दोन दिसू लागल्या किंवा संध्याकाळपर्यंत पापणी अधिकाधिक मिटू लागली, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून न्यूरॉलॉजिस्ट गाठावा, आणि एकाएकी उतरली असेल तर त्याच दिवशी.

शस्त्रक्रियेचा विषयच नसलेली आणखी दोन कारणे आधी तपासून घ्यावीत. थायरॉइड मंदावले की चेहरा आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजल्यासारखा दिसतो आणि त्यावर उपाय गोळी हा असतो. दात पडले की जबड्याचे हाड झिजते, ओठ आत जातात आणि गाल बसतात. झिजलेली जुनी कवळी बदलून घेतल्यावर चेहऱ्याचा खालचा भाग भरलेला दिसतो, हे मी घरातच पाहिले आहे. वर्षानुवर्षे जड कुड्या घालून कानाच्या पाळीचे भोक ओघळले असेल, तर जागेपुरती भूल देऊन ते थोड्या वेळात शिवता येते. माझ्या पाहण्यात साठीनंतरच्या स्त्रियांना सर्वांत निर्भेळ समाधान या छोट्या कामाने दिले आहे, जरी त्याची जाहिरात कोणी करत नाही.

फेसलिफ्टमध्ये नेमके काय करतात, हे समजून घेतल्याशिवाय होकार देऊ नये. पूर्वी केवळ कातडी ओढून शिवत असत आणि त्यामुळे चेहरा ताणल्यासारखा दिसे. १९७६ मध्ये कातडीखालच्या स्नायू-आवरणाच्या थराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून तो थर उचलून बसवण्याची पद्धत रूढ झाली. चेहऱ्याच्या हालचालींची मज्जातंतू त्याच थराखालून जाते, म्हणून तिला इजा होण्याचा धोका कमी असला तरी शून्य नसतो; बहुतेक वेळा ती दुर्बलता तात्पुरती असते. सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साचणे, आणि ती रक्तदाब वाढलेल्यांत आणि पुरुषांत अधिक आढळते. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत व्रण काळा पडण्याचा किंवा जाड होण्याचा संभव असतो; लस टोचल्याच्या जागी किंवा कान टोचल्यावर गाठ उठलेली असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. वय त्यानंतरही पुढे चालतच राहते, त्यामुळे आलेला फरक कायमचा नसतो.

शरीराची तयारी पाहताना लोक रक्तदाब आणि साखर सांगतात, पण मशेरी सांगत नाहीत. कित्येक आजींच्या लेखी ती तंबाखू नसतेच. पण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उचललेल्या कातडीच्या कडा काळ्या पडून मरू शकतात, म्हणून बिडी-सिगारेटप्रमाणे मशेरीही काही आठवडे आधीपासून आणि नंतरही बंद ठेवावी लागते. ते जमणार नसेल तर शस्त्रक्रिया करू नये. हृदयात स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत. त्या थांबवता येतील का, हे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील, आणि त्यांनी नाही म्हटले तर केवळ सौंदर्यासाठी तो धोका पत्करण्यासारखा नाही. हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, काढे हे सारे औषधांच्या यादीत लिहावे. डोळे कोरडे पडत असतील तर पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तो त्रास वाढू शकतो, हेही विचारात घ्यावे.

डॉक्टर निवडताना पाटीपेक्षा पदवी पाहावी. ‘कॉस्मेटिक सर्जन’ असे लिहिलेले असणे ही स्वतंत्र पदवी नव्हे. प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे का, हे विचारावे आणि राज्याच्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी पडताळावी. केवळ पापण्यांचा प्रश्न असेल तर नेत्रशल्यचिकित्सेतील पापण्यांचे तज्ज्ञही चालतात. तुमच्या वयाच्या आणि वर्णाच्या रुग्णांचे आधीचे आणि वर्षभरानंतरचे फोटो पाहायला मागावेत, भूलतज्ज्ञ कोण असतील ते विचारावे, आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की रात्री दोन वाजता चेहऱ्याची एक बाजू सुजून दुखू लागली तर फोन कोण उचलेल आणि कोणत्या रुग्णालयात नेतील. एका दवाखान्यात या प्रश्नावर मला फक्त स्वागतकक्षाचा क्रमांक मिळाला; आम्ही तिथून उठलो. ‘आज ठरवलेत तर सवलत’ असे कोणी म्हणाल्यास त्या खोलीत पुन्हा जाऊ नये.

पैशांच्या बाबतीत कायदा सौंदर्य आणि दुरुस्ती यांत भेद करतो. वैद्यकीय सेवांना मिळणारी जीएसटीची सूट सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही. जन्मजात दोष, वाढीतले व्यंग किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायचा असेल तरच ती मिळते. गंमत अशी की पुण्याची या शास्त्रातली जुनी कीर्ती दुरुस्तीचीच आहे: टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तिथे कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले गेले आणि १७९४ मध्ये त्याचा वृत्तान्त लंडनच्या मासिकात छापून आला. आरोग्यविम्यातही सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. पापणीमुळे दृष्टी अडते असा अहवाल असेल तर कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घ्यावी. खर्चाच्या अंदाजपत्रकात भूल, रुग्णालय, कर आणि दुरुस्तीसाठी पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया वेगवेगळी लिहून घ्यावी.

घरात पंधरा दिवस कोण असेल, हे तारीख घेण्यापूर्वी ठरवावे. डोके उंच ठेवून झोपायचे, वाकायचे नाही, नातवाला उचलायचे नाही. पापण्यांचे टाके पाच-सात दिवसांत निघतात, पण काळेनिळे डाग पिवळे होऊन जायला दोन आठवडे लागतात आणि कानाजवळचा बधिरपणा काही महिने राहतो. पहिल्या आठवड्यात आरशात पाहून रडू येणे नेहमीचे आहे. पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात तीव्र कळ येऊन दिसणे कमी झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मुलाच्या लग्नाआधी जेमतेम महिनाभर ही शस्त्रक्रिया करू नये.

ही सारी चौकशी झाल्यावर, पण तारीख घेण्यापूर्वी, तक्रार लिहिलेला तो पहिला कागद तीन महिन्यांनी पुन्हा काढावा. माझ्या मोठ्या बहिणीने, वय ६७, त्यावर तीन ओळी लिहिल्या होत्या: पापण्या, गाल, मान. तीन महिन्यांनी कागद काढला तेव्हा गाल आणि मान तिने पेन्सिलीने खोडली आणि पापण्यांपुढे लिहिले, ‘पोथी वाचताना कपाळ उचलावे लागते.’ सर्जनकडे ती एवढेच घेऊन गेली.